चलनी आणि बिगर-चलनी नाणी (नाणेसूचीतील वर्गीकरण)

संग्राहकांच्या नाणेसूचीतील एक मूलभूत विभागणी. रोजच्या देवघेवीसाठी टांकसाळीने पाडून लोकांच्या हाती दिलेले ते चलनी नाणे. दर्शनी मूल्य असूनही मुख्यतः संग्राहकांसाठी, नजराण्यासाठी किंवा एखाद्या प्रसंगाची आठवण म्हणून पाडलेले ते बिगर-चलनी नाणे. ‘चलनातून बाद झालेले’ नाणे ही वेगळी गोष्ट आहे. भारतात २५ पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली, तरी सूचीत ती चलनी वर्गातच राहतात. कारण वर्ग ठरतो तो नाणे टांकसाळीबाहेर पडताना त्याचे प्रयोजन काय होते यावरून.

छापील सूच्यांनी हा भेद फार काळ गौण मानला. अमेरिकन सूचीकार यिओमन यांच्या १९५७ च्या जागतिक नाणेसूचीनंतर १९७२ पासून क्राउझ व मिशलर यांची जागतिक सूची प्रमाण मानली जाऊ लागली. या सूचीतील ‘केएम’ (क्राउझ-मिशलर) क्रमांकांत एका देशाची चलनी व बिगर-चलनी नाणी एकाच मालिकेत येतात. त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून वर्ग कळत नाही. तो वर्णनातून काढावा लागतो.

वर्ग ठरवण्याच्या कसोट्यांबद्दल मात्र मतभेद आहेत. पहिली कसोटी कायद्याची. ती भारताच्या बाबतीत फारशी उपयोगी पडत नाही. नाणे अधिनियम, २०११ नुसार १,००० रुपयांपर्यंतच्या मूल्याची नाणी पाडता येतात. एक रुपया व त्यावरील नाणी १,००० रुपयांपर्यंतच्या आणि ५० पैशांची नाणी १० रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी विधिग्राह्य (कायद्याने देणे फेडण्यास मान्य) आहेत. म्हणजे बाजारात कधीच न दिसणारे नाणेही कायद्याच्या दृष्टीने चलन ठरू शकते. उलट उदाहरण मारिया थेरेसा थालरचे. १७८० हे साल कोरलेले हे चांदीचे नाणे ऑस्ट्रियात १८५८ मध्ये विधिग्राह्य राहिले नाही, पण तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवरील व्यापारात ते पुढेही दीर्घकाळ चालले. कायद्याची मान्यता आणि प्रत्यक्ष चलन या दोन गोष्टी सूचीकाराने वेगळ्या नोंदवाव्यात, हे यावरून स्पष्ट होते.

दुसरी कसोटी दर्शनी मूल्याची. नेहमीच्या मालिकेत नसलेले मूल्य आढळले की नाणे बिगर-चलनी, असा सरसकट नियम काही सूच्या लावतात. ७५, १२५, १५० किंवा ३५० रुपयांच्या नाण्यांपुरता तो बरोबर आहे. पण नेहमीची मालिका स्वतःच बदलत असते. ५ रुपयांचे नाणे प्रथम १९८५ मध्ये इंदिरा गांधी यांच्या स्मरणार्थ निघाले आणि लोकांनी ते वापरलेही; त्या मूल्याचे नियमित नाणे १९९२ मध्ये आले. १० रुपयांचे नाणे १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीनिमित्त ८०० शुद्धतेच्या (हजारात ८०० भाग शुद्ध) चांदीत पाडले गेले. तेव्हा रोजच्या वापरातले सर्वांत मोठे नाणे एक रुपयाचे होते. द्विधातूंचे १० रुपयांचे नाणे २००९ मध्ये व्यवहारात आले आणि त्यानंतर हे मूल्य नेहमीचे झाले. २० रुपयांचेही तसेच: १९७३ चे चांदीचे नाणे बिगर-चलनी, २०२० पासूनचे बारा बाजूंचे नाणे चलनी. मूल्याची कसोटी लावायची झाल्यास ती त्या-त्या वर्षापुरतीच लावली पाहिजे.

तिसरी कसोटी वितरणाच्या मार्गाची. भारतीय प्रजासत्ताकाच्या नाण्यांसाठी तीच अधिक विश्वसनीय दिसते. रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ च्या कलम ३८ नुसार केंद्र सरकार रुपयाची नाणी रिझर्व्ह बँकेमार्फतच चलनात आणते. संग्राहकांची नाणी टांकसाळ स्वतः, आधी नोंदणी घेऊन, दर्शनी मूल्याहून अधिक किमतीला विकते. एकाच प्रसंगाची नाणी या दोन वाटांनी विभागली गेल्याची उदाहरणे बरीच आहेत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीनिमित्त २०१० मध्ये १,००० आणि ५ रुपयांची नाणी निघाली, तर डॉ. आंबेडकर यांच्या १२५ व्या जयंतीवर्षात, २०१५ मध्ये, १२५ आणि १० रुपयांची. दोन्ही वेळा लहान मूल्याचे नाणे चलनी आणि मोठे बिगर-चलनी होय. मात्र जादा किंमत ही स्वतंत्र कसोटी होऊ शकत नाही. जर्मनीत २००२ पासून १० युरोची चांदीची संग्राहक नाणी काही वर्षे दर्शनी मूल्यालाच मिळत होती.

युरो क्षेत्राने हा प्रश्न २०१२ च्या नियमनाने बराचसा सोडवला. तेथे संग्राहक नाण्याचे मूल्य चलनी नाण्यांपेक्षा वेगळे असावे लागते. रंग, व्यास व वजन यांपैकी किमान दोन बाबतींत ठळक फरक लागतो. आणि असे नाणे फक्त ते काढणाऱ्या देशात विधिग्राह्य असते. २ युरोची स्मारक नाणी मात्र युरो क्षेत्रात सर्वत्र चालतात.

स्मारक नाणे म्हणजे बिगर-चलनी नाणे, हा समज अजूनही रूढ आहे. १९६४ मधील नेहरूंची अर्ध्या व एक रुपयाची नाणी, १९९९ मधील छत्रपती शिवाजी महाराजांचे २ रुपयांचे व संत ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे नाणे ही सर्व चलनी स्मारक नाणी आहेत. म्हणून नियमित, चलनी स्मारक आणि बिगर-चलनी असे तीन वर्ग करणे सोयीचे. ६ जून २०२२ रोजी प्रकाशित झालेली ‘आझादी का अमृत महोत्सव’ मालिका (१, २, ५, १० व २० रुपये) या मांडणीतही अवघड जाते: तिचा विषय स्मरणाचा आहे, पण शासनाने ती स्मारक नाणी नसून चलनासाठी आहेत असे जाहीर केले. येथे शासनाचे म्हणणे ग्राह्य धरून ती नियमित वर्गात ठेवणे उचित.

एकाच नाण्याच्या दोन घडणी असतील तर नोंद एक आणि उपनोंदी दोन, अशी रीत आहे. झळाळी दिलेल्या साच्याने, निवडक चकतीवर, एकाहून अधिक वेळा ठोकून काढलेले प्रूफ नाणे चलनी नाण्याच्या नोंदीखाली येते. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर पूर्वी ‘बी’ आणि पुढे ‘एम’ हे अक्षर असते, तर तेथील चलनी नाण्यांवर सहसा चौकट (हिऱ्याची खूण) आढळते.

आधुनिक काळापूर्वीच्या नाण्यांना हे वर्गीकरण जपूनच लावावे लागते. जहांगीरची १६१३ ची आग्र्याची सुमारे १२ किलो वजनाची मोहोर किंवा मिरवणुकीत उधळायची हलकी ‘निसार’ नाणी ही बिगर-चलनी आहेत याबद्दल शंका नाही. रुंद चकतीवर संपूर्ण ठसा उमटवलेले नजराणा रुपयेही स्वतंत्र ओळखू येतात. शिवकालीन सोन्याच्या होनाबाबत निर्णय कठीण आहे. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हाच लेख असलेली तांब्याची शिवराई विपुल मिळते आणि ती नंतरही दीर्घकाळ चालली. होन मात्र अत्यंत दुर्मीळ. या दुर्मीळतेवरून तो केवळ राज्याभिषेकाचा समारंभी शिक्का होता असे मानण्याकडे एक कल दिसतो. परंतु सोन्याची नाणी वितळवली जाणे नेहमीचेच होते, आणि सभासद बखरीत खजिन्यातील होनांचे अनेक प्रकार दिले आहेत. निरनिराळ्या ठशांचे होन एकत्र चालण्याचा तो काळ होता. तेव्हा होन चलनी वर्गात ठेवून ‘मर्यादित प्रमाणात’ असा शेरा देणे अधिक सावधपणाचे ठरेल.

देवळांतून मिळणाऱ्या रामटंका (देवादिकांचे ठसे असलेले नाण्यासारखे धार्मिक तुकडे), सराफांची लक्ष्मी-गणपतीची चांदीची नाणी यांचा अंतर्भाव दोन्हींपैकी कोणत्याही वर्गात होत नाही. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव व १८१८ सारखे साल घालून राम दरबार किंवा हनुमान कोरलेले तुकडेही कंपनीच्या टांकसाळींतले नाहीत. ते कल्पित नाण्यांच्या परिशिष्टात जातात.