कासार्ड्याची वाळू आणि 573 अंश

कणकवली तालुक्यातल्या कासार्डे परिसरातील सिलिका वाळू काचेसाठी आणि ओतकामाच्या साच्यांसाठी वापरली जाते. ही वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, आपल्या गारगोटीचेच खनिज. साच्यात वितळलेले बीड पडले की आतल्या थरातले कण बघता बघता 573 अंश सेल्सिअस ओलांडतात आणि त्यांची स्फटिकरचना बदलते. तिथवर तापताना क्वार्ट्झचे आकारमान 4 टक्क्यांहून अधिक वाढते, तेही शेवटच्या टप्प्यात झपाट्याने. थर फुगतो, साच्याला बारीक चीर जाते, तिच्यात धातू शिरतो. मग ओतीव भागावर पातळ शीर उठते आणि ती घासून काढावी लागते.

हे तापमान सापडायला आधी ते मोजण्याचे साधन हवे होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए यांनी प्लॅटिनम आणि प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या तारांचे थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या जोडातल्या विजेवरून तापमान सांगणारे साधन, भरवशाचे केले. तापलेल्या क्वार्ट्झच्या प्रसरणातली ही उडी 1889 मध्ये त्यांनीच नोंदवली. आत काय घडते ते उलगडले क्ष-किरणांमुळे: 1925 मध्ये ब्रॅग आणि गिब्ज यांनी दाखवले की सिलिकॉन-ऑक्सिजनच्या चौफलकांची (चार त्रिकोणी बाजूंच्या अणुगटांची) जोडणी तशीच राहते, ते फक्त थोडे वळतात. बंध तुटत नाहीत, म्हणूनच बदल इतका चटकन होतो आणि निवल्यावर उलटतोही. ट्रिडिमाइट किंवा क्रिस्टोबॅलाइट ही सिलिकाची वेगळी रूपे व्हायची तर बंध तुटून नव्याने जुळावे लागतात. ते काम फार संथ.

या इतिहासातला सर्वांत मोलाचा टप्पा मात्र, माझ्या मते, भारतातला आहे आणि शाळा-कॉलेजांत तो फारसा सांगितला जात नाही. 1940 मध्ये सर सी. व्ही. रामन आणि टी. एम. के. नेडुंगडी यांनी क्वार्ट्झ तापवत त्याचा रामन वर्णपट टिपला; विखुरलेल्या प्रकाशाच्या या वर्णपटातली प्रत्येक रेषा अणूंच्या एकेका कंपनाची खूण असते. बाकीच्या रेषा थोड्याफारच हलल्या. एक रेषा मात्र तापमान चढेल तशी पसरत, कमी वारंवारतेकडे सरकत गेली. अणूंचे ते एक विशिष्ट कंपनच ढिले पडत होते, आणि रचना बदलण्यामागे तेच आहे असे दोघांनी स्पष्ट मांडले. ‘सॉफ्ट मोड’ची, म्हणजे अशा ढिल्या पडणाऱ्या कंपनाची, कल्पना भौतिकशास्त्रज्ञ कॉकरन आणि अँडरसन यांनी सिद्धान्तरूपात आणली ती 1960च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनी.

प्रश्न तिथेही मिटला नव्हता. 1980च्या सुमारास कळले की दोन रचनांच्या मध्ये, जेमतेम दीड अंशाच्या पट्ट्यात, आणखी एक अवस्था आहे. त्या अवस्थेत चौफलकांच्या वळण्याची लय अणूंच्या मूळ जाळीच्या मापाशी जुळतच नाही.