लाकडाचा धूर आणि गरोदरपणातली वार

आईच्या छातीत गेलेला लाकडाचा धूर पोटातल्या बाळाला नेमका कुठून त्रास देतो, तर वारेतून. वार म्हणजे गर्भाशयाच्या भिंतीला चिकटून वाढणारा, दिवस भरेपर्यंत साधारण अर्धा किलोचा होणारा अवयव. बाळाचा ऑक्सिजन, अन्न, टाकाऊ माल सगळं हिच्यातूनच जातं-येतं. बरेच जण नाळ आणि वार एकच समजतात, पण नाळ ही फक्त दोरी, खरं काम वारेचं. आई आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही, मधे पेशींचा पातळ पडदा असतो. पूर्वी वाटायचं की हा पडदा घाण अडवतो, ते अर्धंच खरं निघालं.

धूर म्हणजे एक पदार्थ नाही हे आधी डोक्यात घ्यायला पाहिजे. त्यात बारीक कण असतात (पीएम २.५ म्हणतात ते, २.५ मायक्रोमीटरपेक्षा लहान, केसाच्या जाडीच्या वीस-तीस पट बारीक), कार्बन मोनॉक्साइड असतो आणि बेंझोपायरीनसारखी अर्धवट जळण्यातून तयार होणारी रसायनं असतात. प्रत्येकाची वाट वेगळी.

कार्बन मोनॉक्साइडचं सगळ्यात सरळ आहे. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे-अडीचशे पट घट्ट चिकटतो, म्हणजे आईचं रक्त वारेपर्यंत पोचतं पण कमी ऑक्सिजन घेऊन. वर तो वायू वार ओलांडून बाळाच्या रक्तातही जातो, आणि तिथून निघायला आईपेक्षा जास्त वेळ लावतो, त्यामुळे आई मोकळ्या हवेत आली, बरं वाटायला लागलं तरी बाळाचं रक्त तेवढ्यात साफ झालेलं नसतं.

कणांचं जरा गुंतागुंतीचं. फुप्फुसात सूज येते, तिचे रासायनिक संदेश रक्तातून फिरतात, रक्तवाहिन्या आखडतात, रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते आणि हे सगळं एकही कण वारेपर्यंत न जाता होऊ शकतं. पण कणही जातात. २०१९ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांना वारेच्या बाळाकडच्या बाजूला काजळीचे कण सापडले, २०२२ मध्ये स्कॉटलंडमधल्या गर्भांच्या यकृतात, फुप्फुसात आणि मेंदूतसुद्धा. ही काजळी बाहेरच्या हवेतली होती, मुद्दाम चुलीची तपासलेली नव्हती, पण आकार आणि जात तीच.

खुद्द वारेत काय दिसतं? यावर आफ्रिकेतलं काम महत्त्वाचं आहे. नायजेरियातल्या इबादान शहरात सरपण किंवा रॉकेल वापरणाऱ्या गरोदर बायकांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून इथेनॉलचा स्टोव्ह दिला आणि बाळंतपणानंतर दोन्ही गटांच्या वारा मायक्रोस्कोपखाली बघितल्या. धुरातल्या गटात बारीक केशवाहिन्यांची गर्दी जास्त, ऑक्सिजन कमी पडल्यावर वाढणारी प्रथिनंही जास्त. केशवाहिन्यांची अशी गर्दी खूप उंच डोंगराळ भागात राहणाऱ्या बायकांच्या वारेतही दिसते. म्हणजे धुरातली वार विरळ हवेत असल्यासारखी वागते, मिळेल तेवढा ऑक्सिजन ओढायला जास्त नळ्या टाकते. ही वारेची धडपड आहे, नुसता बिघाड नाही, आणि मला तरी यातली ही सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते. टांझानियातल्या दार-एस-सलाममध्ये मात्र धूर जास्त तिथे वारेतल्या बाळाकडच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्यांच्या खुणा जास्त मिळाल्या, आणि ही धडपड नव्हे, हे नुकसानच.

बेंझोपायरीनसारखी रसायनं वारेतल्या एन्झाइम्समुळे कधीकधी उलट जास्त घातक रूप घेतात आणि डीएनएला चिकटतात.

परिणाम म्हणून बाळाचं वजन कमी भरणं (अडीच किलोच्या आत), दिवसांआधी जन्म, मृत जन्म यांच्याशी धुराचा संबंध अनेक पाहण्यांत दिसलाय. तरी चूल बदलली की वजन वाढलं, इतकं सोपं नाही. ग्वाटेमाला, भारत, पेरू आणि रवांडा मिळून सुमारे ३,२०० गरोदर बायकांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०२२ मध्ये आले. गॅस दिलेल्या गटात पीएम २.५ दर घनमीटर हवेत साधारण २४ मायक्रोग्रॅम होतं, चूल चालू ठेवलेल्या गटात ७०, पण बाळांचं सरासरी वजन २,९२१ विरुद्ध २,८९८ ग्रॅम, म्हणजे नाव घेण्यासारखा फरक नाही. आता २४ हे सुद्धा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वार्षिक मर्यादेच्या, म्हणजे ५ च्या, जवळपास पाचपट आहे. शिवाय या बायकांना गॅस मिळाला तोवर गरोदरपणाचे दोन-चार महिने होऊन गेले होते आणि वारेची मुळं तर सुरुवातीलाच रुजतात, तेव्हाच आईच्या रक्तवाहिन्या रुंद होऊन वारेला रक्त मिळायची सोय होते.

वणव्याचा धूर वेगळा, तो थोडे दिवस टिकतो पण फार दाट असतो. खिडक्या बंद आणि हवा गाळणारं मशीन, बाहेर जावंच लागलं तर एन ९५ मास्क, एवढं करता येतं. घरातच लाकूड जळत असेल तर उलट, तिथे खिडकी उघडी लागते आणि धुराडं लागतं, कारण मास्क कण अडवतो, कार्बन मोनॉक्साइड त्यातून आरामात आत येतो.