पिप, कोंडा आणि यूव्ही: एका जुन्या फाटाफुटीची पार्श्वभूमी

पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला नवा प्रकल्प सुरू करताना पहिला वाद ठरलेला असतो: लायब्ऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, बसवायला पिप वापरायचं की कोंडा? गेल्या दोन-तीन वर्षांत त्यात यूव्हीची भर पडली आहे. उत्तर शोधायला गेलं की वेगाचे तक्ते समोर येतात, कोण किती सेकंदांत काय बसवतं याचे. मला ते तक्ते फारसे कामाचे वाटत नाहीत. ही साधनं वेगवेगळ्या लोकांच्या वेगवेगळ्या तक्रारींतून जन्मली. कोणतं साधन कोणाची तक्रार घेऊन आलं हे कळलं की निवड बरीचशी आपोआप होते.

सगळ्याच्या मुळाशी पायथनचा एक साधा स्वभाव आहे. बाहेरून आणलेल्या लायब्ऱ्या ‘साइट-पॅकेजेस’ नावाच्या एका फोल्डरमध्ये पडतात आणि तिथे एका लायब्ररीची एकच आवृत्ती राहू शकते. जावास्क्रिप्टच्या जगातल्या नोडमध्ये प्रत्येक पॅकेज आपल्या पोटात दुसऱ्या पॅकेजची हवी ती आवृत्ती घेऊन फिरू शकतं, पायथनमध्ये ती सोय नाही. एका प्रकल्पाला जॅंगो या वेबसाइटी बांधायच्या लायब्ररीची जुनी आवृत्ती हवी आणि दुसऱ्याला नवी, तर दोन्ही प्रकल्प एकाच पायथनवर नांदू शकत नाहीत. त्यामुळे पॅकेज बसवणं आणि प्रकल्प एकमेकांपासून वेगळे ठेवणं ही दोन कामं या भाषेत कायम एकमेकांच्या पायात आली.

सुरुवातीला यातलं एकही काम नीट होत नव्हतं. २००० साली पायथनसोबत डिस्टयुटिल्स आलं. ते लायब्ररी बांधायचं, जागेवर ठेवायचं आणि हात झटकायचं. तिला आणखी कोणत्या लायब्ऱ्या लागतात हे ते पाहत नसे आणि बसवलेली गोष्ट काढायची सोयही नव्हती. पर्लवाल्यांकडे १९९५ पासून सीपॅन हे लायब्ऱ्यांचं भांडार होतं, तसं काहीतरी पायथनलाही हवं म्हणून २००३ मध्ये पायपीआय उभं राहिलं, पण तीही आधी नुसती यादीच होती, फाइली दुसरीकडेच. २००४ मध्ये फिलिप एबी यांनी सेटअपटूल्स आणि त्यासोबत ईझी-इन्स्टॉल आणलं. आता डिपेंडन्सी, म्हणजे एखाद्या लायब्ररीला लागणाऱ्या इतर लायब्ऱ्या, आपोआप उतरू लागल्या. पॅकेज काढून टाकायचं मात्र ईझी-इन्स्टॉललाही जमत नव्हतं.

इयन बिकिंग यांनी २००७ मध्ये व्हर्च्युअलएन्व्ह लिहिलं आणि पुढच्याच वर्षी पिप. ते वेबसाइटी बांधणाऱ्यांच्या जगातले होते आणि त्यांची गरजही तीच होती: एका सर्व्हरवर अनेक साइटी, प्रत्येकीच्या लायब्ऱ्या वेगळ्या. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे एका प्रकल्पाचा वेगळा कप्पा, उघडून पाहिलं तर आत फारसं काही सापडत नाही. एक बिन फोल्डर, त्यात मूळ पायथनकडे बोट दाखवणारी लिंक, एक रिकामं साइट-पॅकेजेस आणि मूळ पायथन कुठे आहे ते सांगणारी ‘पायव्हेन्व्ह डॉट सीएफजी’ ही दोन-चार ओळींची फाइल. ज्या ‘ॲक्टिव्हेट’चा नवशिक्यांना धाक वाटतो ती स्क्रिप्ट मुख्यतः पाथच्या (प्रोग्राम कुठे शोधायचे त्या फोल्डरांच्या यादीच्या) सुरुवातीला हे बिन फोल्डर चिकटवते. ती न चालवता त्या बिनमधला पायथन पूर्ण पत्त्यानिशी हाकला तरी काम होतं. हीच रचना २०१२ मध्ये ३.३ आवृत्तीबरोबर व्हेन्व्ह या नावाने खुद्द पायथनमध्ये आली.

या सगळ्यात पायथन मात्र यंत्रावर आधीच हजर आहे असं गृहीत धरलं होतं. फाट फुटली ती इथेच.

त्याच काळात शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर पायथनकडे वळत होते. त्यांच्या नमपाय-सायपाय या गणिती लायब्ऱ्यांच्या पोटात सी आणि फोरट्रान या भाषांतला कोड होता, खाली ब्लास आणि लापॅक या रेषीय बीजगणिताच्या लायब्ऱ्या. पिपने सेटअपटूल्सचे बांधून तयार असलेले ‘एग’ मुद्दामच नाकारले होते, त्यामुळे पिपने सायपाय बसवायचं म्हणजे आपल्या यंत्रावर ते बांधायचं, आणि विंडोजच्या लॅपटॉपवर फोरट्रानचा कंपाइलर (कोड यंत्राच्या भाषेत बांधून देणारा प्रोग्राम) आणायचा कुठून? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन आवारातले क्रिस्टोफ गोल्के विंडोजसाठी बांधलेल्या फाइली आपल्या पानावर ठेवत. कित्येक वर्षं जगभरचे लोक त्या एका पानाच्या भरवशावर होते. आयआयटी मुंबईतल्या प्रभू रामचंद्रन यांचं मायावी घ्या. त्रिमितीय आकृत्या काढणारं हे साधन व्हीटीके या अगडबंब सी प्लस प्लस लायब्ररीवर उभं आहे. मायावीचा पायथनमधला भाग बसवणं सोपं, पण व्हीटीके बसवण्यात दिवस जायचा. पिपच्या दृष्टीने व्हीटीके, फोरट्रान, ब्लास या सगळ्या पायथनबाहेरच्या गोष्टी होत्या, म्हणजे तुमचं तुम्ही बघा.

२०१२ च्या मार्चमध्ये गूगलच्या कार्यालयात भरलेल्या पायडेटा या बैठकीत या मंडळींनी हे गाऱ्हाणं थेट पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम यांच्यासमोर मांडलं. तुमच्या गरजा बाकीच्यांपेक्षा फारच वेगळ्या आहेत, तेव्हा तुमचा मार्ग तुम्हीच काढा, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. त्यांनी तो काढलाही. नमपायचे कर्ते ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी पीटर वँग यांच्यासोबत काँटिन्युअम ॲनालिटिक्स ही कंपनी सुरू केली होती. त्याच वर्षी तिथून कोंडा बाहेर पडलं. पुढे कंपनीने ॲनाकोंडा हेच नाव घेतलं.

कोंडाने गृहीतकच उलटं केलं: पायथन हे इतरांसारखंच एक पॅकेज. सीची लायब्ररी हे पॅकेज, आर भाषा हेही पॅकेज, सगळं आधीच बांधून ठेवलेलं. एन्व्हायर्नमेंट करणं हे त्याचं अंगभूत काम आहे, त्यासाठी वेगळं साधन लागत नाही. आतली एक युक्ती मला फार आवडते. बांधलेल्या सीच्या फाइलींमध्ये फोल्डरचे पत्ते कोरले जातात, आणि पॅकेज कुणाच्या यंत्रावर कुठल्या फोल्डरात जाणार हे बांधताना ठाऊक नसतं. म्हणून कोंडा मुद्दाम एक लांबलचक खोटा पत्ता घालून ठेवतं, ‘प्लेसहोल्ड’ हा शब्द पुन्हा पुन्हा जोडून २५५ अक्षरांपर्यंत ताणलेला. पॅकेज बसवताना त्याजागी खरा पत्ता लिहायचा आणि उरलेली जागा शून्यांनी भरायची, म्हणजे फाइलीची लांबी बदलत नाही. शिवाय बहुतेक फाइली एकाच साठ्यातून हार्ड लिंकने (प्रत न काढता तीच फाइल दुसऱ्या जागी दाखवून) येतात, त्यामुळे तेच नमपाय दहा एन्व्हायर्नमेंटमध्ये असलं तरी डिस्कवर जागा साधारण एकदाच जाते.

पिपच्या गोटातही हालचाल झाली, पण उशिरा. बांधून ठेवलेल्या पॅकेजांसाठी ‘व्हील’ हा प्रकार ठरला आणि २०१३ मध्ये पिपला तो समजू लागला. लिनक्सवर सर्वत्र चालतील अशी व्हील पायपीआयवर टाकायची सोय २०१६ मध्ये झाली. हे सगळं तीन-चार वर्षं आधी झालं असतं तर कोंडाची गरज इतक्या तीव्रतेने भासली नसती, असं माझं मत आहे. आज नमपाय पिपने निमूट बसतं ते व्हीलमुळेच. मात्र त्या व्हीलच्या आत ओपनब्लास या ब्लासच्या एका रूपाची आख्खी प्रत भरलेली असते आणि सायपायच्या व्हीलमध्ये तिची आणखी एक. कोंडात तेच ओपनब्लास एकदा बसतं आणि दोघं ते वाटून घेतात. म्हणूनच कोंडाच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये वरून पिपने गोष्टी ओतल्या की कधी कधी चमत्कारिक बिघाड होतात: पिपने जे बदललं त्याचा कोंडाला नीट पत्ता नसतो.

कोंडाचीही दुखणी निघाली. कोणत्या आवृत्त्या एकमेकींशी जुळतात हे शोधायला ते सॅट सॉल्व्हर, म्हणजे सगळ्या अटींचा मेळ घालणारा प्रोग्राम, वापरे. २०१५ मध्ये सुरू झालेलं कोंडा-फोर्ज हे समुदायाचं भांडार जसं फुगत गेलं तसं ‘सॉल्व्हिंग एन्व्हायर्नमेंट’ या ओळीकडे पाहत बसण्याची वेळ वाढत गेली. व्होल्फ फोलप्रेख्त यांच्या मांबा या कोंडाच्या पर्यायाने ओपनसुसे या लिनक्समधल्या लिबसॉल्व्ह या सॉल्व्हरवर हे काम टाकून तो प्रश्न मिटवला, आणि २०२३ मध्ये कोंडाने तोच सॉल्व्हर आपला मानला. दुसरं दुखणं पैशांचं. २०२० मध्ये ॲनाकोंडाने अटी बदलल्या आणि दोनशेहून जास्त माणसं असलेल्या व्यावसायिक संस्थांना तिचं भांडार वापरायला परवाना लागू झाला. कोंडा हे साधन आणि कोंडा-फोर्ज मोफतच राहिले, पण हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही. हिंजवडीतल्या एखाद्या मोठ्या कंपनीत काम करत असाल तर मिनिफोर्ज घेतलेलं बरं. ते थेट कोंडा-फोर्जलाच जोडलेलं येतं.

पिपपाशी तर २०२० च्या नोव्हेंबरपर्यंत खरा सॉल्व्हरच नव्हता. दोन पॅकेजांच्या अटी भांडल्या तर आधी दिसलेली अट ते मान्य करी. मधल्या काळात २०१७ चं पिपेन्व्ह आणि २०१८ चं पोएट्री यांनी लॉकफाइलची, म्हणजे नेमक्या आवृत्त्या एका फाइलीत नोंदवून ठेवण्याची, सवय लावली. पिपेन्व्हचा गाजावाजा मोठा, पण नंतर दीड वर्ष त्याची एकही आवृत्ती आली नाही. पोएट्री टिकलं.

२०२३ मध्ये डेबियन या लिनक्सची १२ ही आवृत्ती आली आणि सिस्टिमच्या पायथनवर पिप चालवू पाहणाऱ्यांना ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ ही एरर भेटू लागली. डेबियनची स्वतःची साधनं त्याच पायथनवर चालतात, त्यामुळे सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, पिप हाकणाऱ्यांनी आपली यंत्रं वर्षानुवर्षं बिघडवून घेतली होती. तरीही हट्ट असेल तर ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ असा पर्याय लिहावा लागतो. नाव ठेवणाऱ्याने कसलीही भीडभाड ठेवलेली नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये चार्ली मार्श यांच्या ॲस्ट्रल कंपनीने रस्ट भाषेत लिहिलेलं यूव्ही आणलं. सगळे त्याच्या वेगाबद्दल बोलतात, आणि वेग खराच आहे. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्याने कोंडाकडून उचललेलं शहाणपण: एक सामाईक साठा, त्यातून जोडलेल्या फाइली, आणि हवा तो पायथनही स्वतःच उतरवून घेणं. पायथन आधीच हजर असेल हे पिपचं जुनं गृहीतक इथे पिपच्याच वारसदाराने सोडलं. पॅकेजं मात्र पायपीआयचीच, म्हणजे सीच्या लायब्ऱ्या व्हीलच्या पोटात.

उलट बाजूने फोलप्रेख्त यांच्या प्रीफिक्स कंपनीचं पिक्सी आलं. ते पॅकेजं कोंडाची घेतं आणि पायपीआयवरून काही आणायचं झालं तर ते काम आत बसवलेल्या यूव्हीवर सोपवतं. त्यामुळे वेबसाइट किंवा साधी स्क्रिप्ट असेल तर मी यूव्ही सुचवतो. जीडॅल (नकाशांची माहिती हाताळणारी लायब्ररी) किंवा आर मिसळायचं असेल तर पिक्सी किंवा मिनिफोर्ज. ग्राफिक कार्डाचं प्रकरण अजून मिटलेलं नाही: यंत्रावर कूडाची (एनव्हिडियाच्या कार्डांवर गणित चालवणाऱ्या प्रणालीची) कोणती आवृत्ती चालेल हे कोंडा तपासतं, व्हीलच्या नावात मात्र ते लिहायची प्रमाणित जागाच नव्हती. म्हणून पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीला कूडाच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळं भांडार ठेवावं लागलं आणि त्यातलं कोणतं आपलं हे ज्याचं त्याने निवडायचं.