ॲपलॅचियन लीग

अमेरिकेच्या आग्नेय भागातील ॲपलॅचियन डोंगररांगांत, मुख्यतः टेनेसी, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांतील छोट्या गावांत खेळली जाणारी बेसबॉल स्पर्धा. स्थानिक लोक 'ॲपलॅचन' असा उच्चार करतात. 'ॲपलेशियन' म्हणणारा बाहेरगावचा आहे हे तिथे तोंड उघडताच कळते.

लीग १९११ साली सुरू झाली आणि १९१४ नंतर बंद पडली. १९२१ ते १९२५ हा दुसरा डाव, तर १९३७ पासून तिसरा. या वेळी बाजू थोडी भक्कम होती, कारण बड्या शहरांच्या संघांनी छोट्या गावांतले संघ पोसायला घेतले होते. अशा संघाला 'फार्म टीम' म्हणतात. मैदान, बाके, तिकीटविक्री, खेळाडूंना घरात ठेवून घेणारी कुटुंबे हे सारे गावाचे. खेळाडूचा करार मात्र शहरातल्या मालकाचा. पोरगा चमकला की हंगामाच्या मध्यातही त्याला वरच्या श्रेणीत बोलावणे येई आणि गावाच्या हाती निरोप देण्यापलीकडे काही उरत नसे.

पोकाहोंटास कोळसापट्ट्याच्या काठावरचे ब्लूफील्ड हे यातले नमुनेदार गाव. गाव वेस्ट व्हर्जिनियात, पण त्याचे १९३९ सालचे बोवेन फील्ड हे मैदान हद्द ओलांडून व्हर्जिनियात. उंचीमुळे इथली हवा थंड. पारा ९० अंश फॅरनहाइटवर गेला की गावात फुकट लिंबू सरबत वाटण्याची जुनी प्रथा आहे. बाल्टिमोर ओरिओल्स या बड्या संघाने १९५८ पासून २०१० पर्यंत सलग ५३ हंगाम आपली पोरे याच गावी धाडली. पुढे नामांकित फलंदाज ठरलेला एडी मरे १९७३ मध्ये इथे खेळला. १९७८ मध्ये कॅल रिपकेन आला तेव्हा १७ वर्षांचा होता आणि त्या हंगामात त्याला एकही होमरन, म्हणजे मैदानाबाहेर जाणारा टोला, मारता आला नाही. पुढे सलग २,६३२ सामने खेळण्याचा विक्रम त्याच्याच नावावर लागला. लीगच्या इतर गावांकडेही पुढे गाजलेल्या खेळाडूंची अशी नावे आहेत: मॅरियनमध्ये नोलन रायन (१९६५), किंग्सपोर्टमध्ये ड्वाइट गुडन आणि एलिझाबेथटनमध्ये कर्बी पकेट (दोघेही १९८२).

तरी या लीगमधला सर्वांत मोठा पराक्रम पुढे फारसा न गाजलेल्या खेळाडूचा आहे. १३ मे १९५२ रोजी ब्रिस्टल येथे पिट्सबर्ग पायरेट्सच्या फार्म टीमकडून खेळणाऱ्या १९ वर्षांच्या रॉन नेचायने वेल्श मायनर्सविरुद्ध नऊ डावांत २७ जणांना स्ट्राइकआउट केले, म्हणजे चेंडू नीट टोलवू न देता तीन स्ट्राइकवर बाद केले. दर डावाला तीन, असे सामना जिंकायला २७ बळीच लागतात. दुसऱ्या डावात एक जण क्षेत्ररक्षणाच्या साध्या फेकीवर बाद झाला होता. मग हिशेब २७ वर कसा आला? एका फलंदाजाचा तिसरा स्ट्राइक झेलणाऱ्याच्या हातून सुटला, तो नियमानुसार पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, पोचला आणि नेचायला आणखी एकाला तसेच बाद करण्याची संधी मिळाली. वेल्शला एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, मिळाली नाही. हे सगळे पोटातल्या अल्सरने हैराण असलेल्या पोराने केले. त्याच वर्षी पिट्सबर्गने त्याला वर नेले. तिथे तो एक सामना जिंकला, सहा हरला आणि नंतर मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत, दिसला नाही.

त्या दिवशी समोर असलेले वेल्श हे वेस्ट व्हर्जिनियाच्या मॅकडॉवेल काउंटीतील (जिल्ह्यातील) खाणगाव. संघाचे नाव 'मायनर्स', म्हणजे खाणकामगार. १९५० साली या काउंटीत सुमारे ९९ हजार लोक राहत. २०२० मध्ये जेमतेम १९ हजार उरले. खाणींत यंत्रे आली, माणसे कमी झाली. घरोघर टीव्हीही आला आणि संध्याकाळी मैदानावर जाण्याचे कारण गेले. हे दुखणे देशभरचे होते. १९४९ मध्ये अमेरिकेतील मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीगखालच्या श्रेणींच्या, सामन्यांना सुमारे चार कोटी प्रेक्षक आले होते. पुढच्या दशकात संघ धडाधड बंद पडले. ॲपलॅचियन लीगही १९५५ च्या हंगामानंतर थांबली आणि १९५७ मध्ये पुन्हा उभी राहिली. पुढे ती नवशिक्यांची, म्हणजे 'रूकी' श्रेणीची लीग म्हणून स्थिरावली: हंगाम लहान, प्रवास बसचा, पगार तुटपुंजा.

कोविडमुळे २०२० चा हंगाम झालाच नाही. त्याच सुमारास मेजर लीग बेसबॉलने संलग्न संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली आणि ॲपलॅचियन लीग या रचनेतून बाहेर पडली. २०२१ पासून ती महाविद्यालयीन खेळाडूंची उन्हाळी लीग आहे. संघांना नवी नावे मिळाली. मोजे विणणाऱ्या गिरण्यांच्या बर्लिंग्टनचा संघ 'सॉक पपेट्स', म्हणजे मोज्यांच्या बाहुल्या, झाला. ज्याच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध दोन राज्यांची सीमा जाते त्या ब्रिस्टलचा 'स्टेट लायनर्स', तर प्रिन्स्टनचा 'व्हिसलपिग्ज', म्हणजे डोंगरात बिळे करणारा, शीळ घालणारा एक गुबगुबीत प्राणी. बड्या संघाच्या नावाची उसनी पाटी गेल्यावरच ही नावे सुचली, हे नोंदवायला हवे.