नवोदय विद्यालय सहावी प्रवेश: अर्ज नेमका कुठे अडतो

जवाहर नवोदय विद्यालय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेतील इयत्ता सहावीच्या प्रवेशाची चर्चा कोकणात सहसा परीक्षेभोवती फिरते. सराव प्रश्नसंच कोणते घ्यावेत, शिकवणी लावावी की नाही, बुद्धिमत्ता चाचणीत किती प्रश्न सुटायला हवेत, एवढेच पालक विचारतात. मात्र दरवर्षी काही मुले उत्तम गुण मिळवूनही कागदपत्रांच्या पडताळणीत बाद होतात आणि काहींचा अर्ज परीक्षेपर्यंतही पोहोचत नाही. म्हणून येथे परीक्षेविषयी थोडक्यात आणि कागदांविषयी सविस्तर लिहिले आहे.

प्रत्येक जिल्ह्याच्या विद्यालयात सहावीसाठी जास्तीत जास्त ८० जागा असतात. सिंधुदुर्गचे विद्यालय सावंतवाडी तालुक्यात सांगेली येथे आहे, तर रायगडचे माणगाव तालुक्यात निजामपूर येथे. अर्ज नवोदय विद्यालय समितीच्या संकेतस्थळावर विनाशुल्क भरता येतो. दोन तासांत ८० प्रश्न सोडवायचे असतात आणि एकूण गुण १०० असतात. त्यातील निम्मे प्रश्न बुद्धिमत्तेचे, २० अंकगणिताचे आणि २० भाषेचे असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. परीक्षा मराठीतून देता येते, तशीच उर्दूतूनही, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील उर्दू शाळांच्या पालकांनी अर्जातील परीक्षेच्या माध्यमाचा रकाना दोनदा वाचावा.

आता ग्रामीण कोट्याविषयी, कारण सर्वाधिक घोळ येथेच होतो. निवडक मुलांसाठी सरकारने वेगळ्या शाळा चालवाव्यात का, हा वाद या विद्यालयांइतकाच जुना आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ती आली तेव्हाच आक्षेप घेतला गेला की परीक्षा घेऊन मुले निवडली तर सुस्थितीतील घरांचीच मुले पुढे जातील आणि गावच्या शाळेतील हुशार मूल निघून गेल्याने मागे राहणाऱ्या शाळा आणखी दुबळ्या होतील. १९९० मध्ये त्या धोरणाचा आढावा घेणाऱ्या आचार्य राममूर्ती समितीने या योजनेवर प्रतिकूल मत दिले, पुढे १९९२ मध्ये जनार्दन रेड्डी समितीने ती चालू ठेवण्याच्या बाजूने कौल दिला आणि योजना टिकली. या आक्षेपाला योजनेपाशी असलेले मुख्य उत्तर म्हणजे किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी राखणे. त्यामुळे मूल खरोखर ग्रामीण आहे का, हे तपासताना यंत्रणा कठोर असते आणि ते योग्यही आहे. परंतु हा कठोरपणा कागदावर चालतो, आणि कागद नीट ठेवण्याची सवय शहरी घरांना अधिक असते, याचा विचार नियम करणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही.

नियम असा की ग्रामीण कोट्यातून प्रवेश हवा असेल तर मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील शासकीय, अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण केलेली असावीत. या तीन वर्षांत एक दिवसही शहरी भागातील शाळेत नाव असेल तर ते मूल शहरी धरले जाते. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथीपर्यंतच आहेत आणि पाचवीपासूनचे वर्ग माध्यमिक शाळेत भरतात. ही शाळा पुष्कळदा तालुक्याच्या गावी असते. कुडाळ, लांजा, गुहागर, दापोली ही गावे बोलताना आपण गावच म्हणतो, पण तेथे आता नगरपंचायती आहेत. वाडीतल्या शाळेत चार वर्षे शिकलेले मूल जूनमध्ये एसटीने अशा ठिकाणच्या हायस्कुलात जाऊ लागले की त्याचा ग्रामीण कोटा त्याच दिवशी संपतो. अर्जाची जाहिरात मात्र काही वर्षी त्यानंतर येते. नवोदयचा विचार असेल तर पाचवीचा प्रवेश कुठे घ्यायचा, हा निर्णय चौथीच्या उन्हाळ्यातच करावा लागतो, आणि हे पालकांना सांगण्याची जबाबदारी कोणत्याही कार्यालयाने स्वतःकडे घेतलेली नाही.

शहरी भाग म्हणजे २०११ च्या जनगणनेत तसा नोंदलेला किंवा त्यानंतर नोंदणीच्या दिवसापर्यंत शासकीय अधिसूचनेने तसा ठरलेला भाग. ग्रामपंचायत असूनही जनगणनेत शहर म्हणून नोंद झालेली काही गावे मोठ्या शहरांना लागून आहेत, तेव्हा केवळ ग्रामपंचायतीच्या फलकावरून निष्कर्ष काढू नये. याच्या उलट चूकही पाहायला मिळते. मुलाची शाळा पूर्णपणे ग्रामीण असते, पण अर्ज भरून देणारा सेवा केंद्रातील मुलगा तालुक्याचे नाव बघून ‘शहरी’ निवडतो आणि पालक छापील प्रत न वाचताच घडी करून खिशात ठेवतात. ती प्रत केंद्राबाहेर पडण्याआधी, निदान क्षेत्र, प्रवर्ग आणि जन्मतारीख या तीन रकान्यांपुरती, बोट ठेवून वाचावी. मुदत संपल्यावर दुरुस्तीसाठी थोडे दिवस मिळतात, पण त्यात लिंग, प्रवर्ग, क्षेत्र, दिव्यांगत्व आणि परीक्षेचे माध्यम एवढेच बदलता येते. नाव किंवा जन्मतारीख चुकली असेल तर ही दुरुस्तीची सोय कामाची नाही.

दुसरा अवघड कागद पालकांच्या रहिवासाचा. मुलाने ज्या जिल्ह्यात पाचवी केली त्याच जिल्ह्यात पालक राहत असल्याचा वैध पुरावा प्रवेशाच्या वेळी मागितला जातो. चाकरमान्यांच्या कोकणात हा नियम किती घरांना आडवा येतो, ते वेगळे सांगायला नको. वडील डोंबिवलीला किंवा नालासोपाऱ्याला, आई व मूल गावी, अशी घरे असंख्य आहेत. काही घरांत तर दोघेही मुंबईत आणि मूल आजीजवळ. मुलाच्या आधारवर मुंबईच्या चाळीचा पत्ता असतो, शिधापत्रिका आजोबांच्या नावावर, सातबारा सामायिक आणि त्यात वडिलांचे नाव अजून लागलेलेच नाही. आई गावी राहत असेल तर तिच्या नावाचे पुरावे पुढे करावेत: मतदार ओळखपत्र, गावच्या पत्त्याचे आधार, शिधापत्रिकेवरील तिचे नाव. तिच्या आणि मुलाच्या आधारवरील पत्ता अर्ज सुरू होण्यापूर्वीच खऱ्या राहत्या ठिकाणाचा करून घ्यावा. मुलाचे आधार नसेल तर अर्जासाठी सक्षम अधिकाऱ्याने दिलेला पालकांचा रहिवासी दाखला लागतो, आणि त्यासाठी सरपंचांच्या सहीचा कागद पुरेसा आहे असे धरून न चालता तहसील कार्यालयाचाच दाखला आपले सरकार सेवा केंद्रातून काढून ठेवावा. दोन्ही पालक खरोखरच मुंबईत असतील आणि मूल फक्त शिकण्यापुरते गावी असेल, तर मात्र खोटा पत्ता लावण्याच्या फंदात पडू नये, कारण तो पडताळणीत उघड होतो आणि तोवर मुलाच्या मनात विद्यालय बसलेले असते.

जातीच्या दाखल्याची गोष्टही अशीच उशिरा उमगते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग यांना येथे आरक्षण आहे, परंतु इतर मागासवर्गाची यादी केंद्राची चालते, राज्याची नाही. राज्याने मराठा समाजाला दिलेल्या एसईबीसी आरक्षणाचा येथे उपयोग होत नाही. कुणबी आणि भंडारी केंद्राच्या यादीत आहेत. राज्यात भटक्या जमातींत गणले जाणारे धनगर केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गात येतात, हे सह्याद्रीच्या पायथ्याच्या धनगरवाड्यांतून फार थोड्यांना ठाऊक असते आणि त्यामुळे ती मुले सर्वसाधारण गटातून अर्ज भरून मोकळी होतात. दाखला केंद्र शासनाच्या नमुन्यात हवा, ज्यात उन्नत गटात (क्रीमी लेयरमध्ये) नसल्याचा उल्लेख त्याच कागदावर असतो. राज्याच्या नमुन्यातील दाखला घरात आहे म्हणून निश्चिंत बसलेल्या पालकांना हा फरक पडताळणीच्या दिवशी कळतो.

रायगडमधील कातकरी मुलांसाठी तर प्रत्येक अट एकेक भिंत आहे. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा रहिवासाचा व जमातीचा पुरावा मागितला जातो. ज्यांच्या आजोबांनी शाळा पाहिली नाही आणि ज्यांच्या नावावर जमीन नाही, त्यांनी तो कुठून आणावा, याचे समाधानकारक उत्तर खिडकीवर मिळत नाही. अशा वेळी स्थानिक चौकशी व पंचनाम्याच्या आधारे दाखला द्यावा, असा लेखी अर्ज प्रांत कार्यालयात देऊन पोच घ्यावी, कारण तोंडी नकाराविरुद्ध अपील करता येत नाही. शिवाय वीटभट्टीच्या हंगामात कुटुंबाबरोबर गेलेल्या मुलाचे सत्र तुटले की तीन पूर्ण वर्षांची अट अडते आणि शाळेत उशिरा नाव घातले असेल तर वयाची. अशा मुलाचे नाव पटावर अखंड राहील हे वर्गशिक्षकच पाहू शकतात.

वयाबाबत सवलत कोणत्याही प्रवर्गाला नाही. २०२६-२७ च्या प्रवेशासाठी जन्म १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ या काळातला हवा होता, दोन्ही दिवस धरून. ही चौकट दरवर्षी पुढे सरकते, म्हणून शेजारच्या मुलाच्या मागच्या वर्षीच्या तारखा वापरू नयेत. परीक्षेला एकदाच बसता येते. पाचवी पुन्हा करून दुसरा प्रयत्न करणे हा अपात्रतेचा सरळ मार्ग आहे.

मुदतीविषयी एक गैरसमज पक्का झाला आहे की ती वाढतेच. २०२५ मध्ये २९ जुलैची मुदत ऑगस्टपर्यंत वाढली होती हे खरे, पण त्या वाढीवर कुणाचा हक्क नाही, आणि भर पावसात वीज व नेटवर्क दोन्ही गेलेले असताना शेवटच्या संध्याकाळी संकेतस्थळ उघडेल या भरवशावर राहू नये. त्या वर्षीची परीक्षा १३ डिसेंबर २०२५ रोजी झाली, त्याआधीच्या प्रवेशवर्षाची १८ जानेवारी २०२५ रोजी होती. परीक्षा जानेवारीतच असते असे समजणाऱ्यांचा महिनाभराचा अभ्यास यामुळे हुकला.

अर्जासोबत मुलाचे छायाचित्र, मुलाची व पालकाची सही आणि मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र जोडायचे असते. हे प्रमाणपत्र समितीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे आणि त्यावर सही, शिक्का व छायाचित्र नीट दिसते ना ते पाहावे. मोबाइलने काढलेल्या प्रतीत शिक्क्यावर स्वतःच्याच अंगठ्याची सावली पडलेली असणे नेहमीचे आहे. पाचवीची शाळा नवी असेल तर तिसरी-चौथीचा तपशील देण्यास मुख्याध्यापक कचरतात, म्हणून आधीच्या शाळेचा बोनाफाइड दाखला जवळ असावा. ती शाळा पटसंख्येअभावी बंद झाली असेल तर तिचे जनरल रजिस्टर कोणत्या शाळेत वर्ग झाले, याची चौकशी केंद्रप्रमुखांकडे करावी.

निवड यादीत नाव आले म्हणजे प्रवेश झाला, असे नाही. पडताळणी पूर्ण होऊन विद्यालयाने स्पष्टपणे सांगेपर्यंत सध्याच्या शाळेतून दाखला काढू नये. सहावी ते आठवी शिक्षण, निवास व भोजन विनामूल्य असते. नववीपासून विद्यालय विकास निधी म्हणून दरमहा ६०० रुपये भरावे लागतात आणि सरकारी नोकरांच्या मुलांना १,५०० रुपये, मात्र मुली, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची मुले यांना त्यातून सूट आहे. त्या सुटीसाठी लागणारे दाखले सहावीच्या फाइलमध्येच लावून ठेवले तर तीन वर्षांनी पुन्हा तहसीलची पायरी चढावी लागत नाही.