घाटापेक्षा गारठा महाग

इलेक्ट्रिक गाडी घेऊन हिवाळ्यात डोंगरात जायचं म्हटलं की धास्ती असते ती चढाची. गाडी जड, रस्ता उभा, आणि बॅटरीचे टक्के डोळ्यांदेखत उतरत असतात. पण हिशेब मांडला तर जास्त वीज खाणारा भलताच कुणी निघतो.

दोन टनांची गाडी १००० मीटर वर न्यायला किती ऊर्जा लागेल, हे शाळेतल्या सूत्राने काढता येतं: वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. उत्तर येतं साधारण साडेपाच युनिट, वीजबिलावर असतं तेच युनिट. समजा घाटाचा रस्ता २० किलोमीटरचा आहे. टायरचं घर्षण, हवेचा विरोध आणि मोटरमध्ये वाया जाणारी वीज धरली तर माथ्यावर पोचेपर्यंत आठेक युनिट जातात. उतरताना चाकंच मोटर फिरवतात, ती जनित्र बनते आणि तीनेक युनिट बॅटरीत परत येतात. म्हणजे जाऊन-येऊन ४० किलोमीटरना पाच युनिट. तेवढंच अंतर सपाटीवर कापलं असतं तर जवळपास चार लागली असती. डोंगराचा निव्वळ भुर्दंड एका युनिटाच्या आसपास! चढ ही उसनवारी आहे, त्यातलं बरंचसं परत मिळतं.

स्वित्झर्लंडमधल्या एका खाणीत तर या तत्त्वावर अजस्र विजेरी डंपर चालवला गेला. रिकामा ४५ टन, वर ६५ टन माल. खाण उंचावर आणि माल उतरवायचा खाली. रिकामा चढायचा, भरलेला उतरायचा, त्यामुळे उतारावर मिळणारी वीज चढायला पुरून उरू शकते.

आता हीटरकडे वळू. पेट्रोल इंजिनात इंधनातली बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते आणि त्या वाया गेलेल्या उष्णतेवरच आतली ऊब फुकटात मिळते. विजेची मोटर इतकी काटकसरी, की उबेसाठी तिच्याकडे फारसं काही उरतच नाही. कडाक्याच्या थंडीत हीटरला ३ किलोवॅट लागतात असं धरू. बर्फाळ घाटात सरासरी वेग ताशी ३० असेल, तर ४० किलोमीटरना ८० मिनिटं लागतील. तासाला तीन युनिट या हिशेबाने चार युनिट गेली. डोंगराने घेतलं त्याच्या तिप्पट-चौपट, आणि यातलं काहीही परत येणार नाही. हीटरला अंतराशी देणंघेणं नसतं, तो मोजतो वेळ. म्हणून हळू चालवून वीज वाचवण्याचा उपाय इथे काही अंशी उलटतो. बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून आणणारा हीट पंप असेल तर हा खर्च निम्म्यावर येऊ शकतो, पण थंडी वाढत जाते तसा त्याचाही फायदा कमी होतो.

खरी भानगड मात्र बॅटरीच्या पोटात आहे. चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, ग्राफाइट या कार्बनच्या प्रकाराच्या थरांमध्ये शिरतात. गारठ्यात इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयन ज्यातून वाहतात तो बॅटरीतला द्रव, दाट होतो, आयनांची चाल मंदावते आणि ग्राफाइटच्या आत सरकणं तर फारच मंदावतं. तरीही जोराचा प्रवाह रेटला, तर लिथियम आत न शिरता पृष्ठभागावरच धातू होऊन साचतो. हा धातू जुना वैरी आहे. १९७०च्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम यांच्या बॅटरीत लिथियम धातूच होता. वारंवार चार्ज केल्यावर त्याला सुईसारखे काटे फुटत आणि शॉर्ट सर्किटची भीती असे. १९८५मध्ये अकिरा योशिनो यांनी धातूच्या जागी कार्बन आणून ही अडचण दूर केली. जॉन गुडइनफ यांच्यासह या दोघांना २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. थंड बॅटरी जबरदस्तीने चार्ज करणं म्हणजे योशिनोंनी बाहेर काढलेला धातू पुन्हा घरात घेणं.

म्हणून बॅटरी शून्य अंशाच्या आसपास किंवा त्याखाली असली की गाडीचं नियंत्रण चार्जिंगला लगाम घालतं. आणि वीज चार्जरमधून येते की उतारावरून, याने त्याला काही फरक पडत नाही! दहा टक्के उतारावर ताशी ५०च्या वेगाने उतरताना मोटर २० किलोवॅटहून अधिक वीज देऊ पाहते. गारठलेली बॅटरी त्यातली बहुतेक नाकारते. पूर्ण भरलेली बॅटरीही नाकारतेच. आता हे दोन्ही एकत्र आणा: माथ्यावर मुक्काम, रात्री चार्जिंग १०० टक्के, मग गाडी तासन्‌तास उघड्यावर. सकाळी पहिल्याच वळणावर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला तर गाडी नेहमीसारखी मंदावत नाही. साधे ब्रेक असतातच, पण चालक दचकतो, आणि ब्रेक लांब उतारावर तापतात ते वेगळंच.

उपाय सोपा आहे. आपल्या उदाहरणात तीन युनिटांची जागा हवी होती. ६० युनिटांच्या बॅटरीत ती पाच टक्के भरते, तेव्हा ९० टक्क्यांवर थांबलं तरी पुष्कळ झालं. चार्जिंग निघायच्या सुमारास संपेल अशी वेळ लावावी आणि गाडी प्लगला असतानाच बॅटरी आणि केबिन गरम करून घ्यावी. निसरड्या रस्त्यावर रीजन, म्हणजे मोटरने गाडी रोखून वीज परत मिळवणं, कमी ठेवलेलं बरं. ते फक्त मोटरशी जोडलेल्या चाकांनाच रोखतं, आणि एकाच जोडीला मोटर असेल तर तीच चाकं घसरू शकतात.

माथ्यावरच्या फास्ट चार्जरपर्यंत चढताना बॅटरी आपोआप तापेल, ही आशा बहुधा फोल ठरते. ४०० किलोची बॅटरी ३० अंशांनी तापवायला तीन युनिटांहून जास्त उष्णता लागते. २० किलोमीटरच्या चढात बॅटरीत तयार होणारी उष्णता तिला जेमतेम दोन-चार अंश चढवते. नेव्हिगेशनमध्ये चार्जर आधीच टाकला तर बऱ्याच गाड्या वाटेतच बॅटरी गरम करायला घेतात. तीन युनिट खर्ची पडतात, पण चार्जरपाशी ताटकळणं वाचतं.

राहता राहिली बर्फात अडकण्याची भीती. उभ्या गाडीत ऊब टिकवायला दीड किलोवॅट धरला, तर ३० युनिट २० तास पुरतात. केबिनचं तापमान उतरवून फक्त सीट गरम ठेवली तर खर्च आणखी खूप खाली येतो, कारण एका सीटला १०० वॅटच्या आतबाहेरच लागतात. अशा वेळी पेट्रोल गाडीचं इंजिन चालू ठेवलं आणि धुराची नळी बर्फाने बुजली, तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरून जीवावर बेतू शकतं. विजेच्या गाडीला ती नळीच नाही.