मेंदूच्या हादऱ्यानंतरचे व्यायामोपचार

डोक्याला वा मानेला धक्का बसून मेंदूचे कार्य तात्पुरते बिघडते, त्याला मेंदूचा हादरा म्हणतात. दवाखान्यात कन्कशन हाच शब्द रूढ आहे. बहुतेक मुले चार आठवड्यांत बरी होतात. डोकेदुखी, घेरी, थकवा, अभ्यासात लक्ष न लागणे ही लक्षणे त्यापुढेही रेंगाळली, तर नाडीच्या मापाने बेतलेला रोजचा व्यायाम देतात. गोव्यात असा मार फुटबॉलच्या मैदानावर किंवा दुचाकीवरून पडूनही बसतो.

या पद्धतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. श्रेय बहुधा अमेरिकेतील बफेलोचे जॉन लेडी व बॅरी विलर यांना दिले जाते; रेंगाळलेल्या लक्षणांवरील त्यांचा प्राथमिक अभ्यास २०१० चा. मॉन्ट्रियलच्या इझाबेल गान्यों व सहकाऱ्यांचा निबंध २००९ चा असून तो नेमका उशिरा बऱ्या होणाऱ्या मुलांविषयी आहे, त्यामुळे मुलांपुरता पहिला मान मॉन्ट्रियलला देणे रास्त वाटते. बीज त्याहूनही जुने. फिनलंडमधील रेलँडर प्रभृतींनी १९७२ मध्ये दाखवले, की लवकर अंथरुणातून उठवून धीर व व्यायाम दिलेले रुग्ण सरासरी १८ दिवसांत कामावर परतले, तर नेहमीचे उपचार घेतलेल्यांना ३२ दिवस लागले. तरीही पुढे कित्येक वर्षे मुलांना अंधाऱ्या खोलीत, पुस्तक आणि मित्र दोन्ही तोडून निजवून ठेवले गेले. त्या कोंडवाड्याने मुलांचे हालच झाले. २०१५ च्या एका चाचणीत पाच दिवस सक्त विश्रांती घेतलेल्यांनी, एक-दोन दिवस विश्रांती घेतलेल्यांपेक्षा अधिक लक्षणे नोंदवली. खेळातील मेंदूच्या हादऱ्यावरील ॲमस्टरडॅम येथील २०२२ च्या परिषदेने २४ ते ४८ तासांची, तीही सापेक्ष, म्हणजे हलकी रोजची कामे चालू ठेवून घेतलेली, विश्रांती पुरेशी मानली.

व्यायामाची मात्रा ठरवण्यासाठी ट्रेडमिल चाचणी घेतात. ताशी पाच-साडेपाच किमी वेगाने सपाटीवर चालायला सुरुवात होते आणि दर मिनिटाला चढ थोडा वाढवतात. मुलाला दर वेळी विचारतात, ‘दहापैकी त्रास किती?’ आकडा सुरुवातीपेक्षा तीनने वाढला की चाचणी थांबवून नाडी टिपतात. ती १४० भरली, तर तिच्या ८० ते ९० टक्के, म्हणजे ११२ ते १२६ ठोक्यांच्या दरम्यान रोज सुमारे २० मिनिटे व्यायाम करायचा. अधूनमधून चाचणी करून ही मर्यादा वर सरकवतात. हादऱ्यानंतर स्वायत्त चेतासंस्थेचे (नाडी, रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या मज्जातंतूंचे) व मेंदूतील रक्तप्रवाहाचे नियमन बिघडते आणि मर्यादेतल्या श्रमाने ते सावरते, ही उपपत्ती सर्वाधिक ग्राह्य दिसते.

पुराव्याबाबत एक भेद नीट ध्यानात घ्यायला हवा. बफेलो गटाच्या २०१९ च्या चाचणीत १०३ किशोर होते. व्यायाम करणाऱ्यांपैकी निम्मे १३ दिवसांत, केवळ स्नायू ताणण्याचे (स्ट्रेचिंग) व्यायाम करणाऱ्यांपैकी निम्मे १७ दिवसांत बरे झाले. पण ही मुले दुखापतीपासून दहा दिवसांच्या आतली होती. महिना उलटलेल्यांसाठी अमेरिकेतील सिनसिनाटीची २०१७ ची चाचणी अधिक जवळची; ती लहान असली तरी तिचा कल व्यायामाच्याच बाजूचा आहे. मान आखडली असेल किंवा कानातील तोलाची यंत्रणा बिघडली असेल, तर त्यांचे उपचार वेगळे करावे लागतात.

चाचणी एकदा झाली की रोजच्या व्यायामाला ट्रेडमिल लागत नाही. मिरामारच्या वाळूलगत किंवा फोंड्यात घराजवळच्या रस्त्यावर झपझप चालणेही चालते, मात्र मनगटावर नाडी मोजता यायला हवी. गोव्याच्या दमट उकाड्यात त्याच चालीला नाडी अधिक चढते, म्हणून अंतर न मोजता ठोके मोजावेत आणि वेळ सकाळची धरावी. पावसाळ्यात पडवीतल्या फेऱ्या किंवा जागेवरची सायकल बरी. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके किंवा गुंगी दिसल्यास मात्र व्यायामाचा विचार सोडून लगेच १०८ बोलवावी. शाळा आधी आणि सामना शेवटी हा क्रम पाळतात; चेंडूला डोके लावणे व अंगाला अंग भिडणारा खेळ डॉक्टरांच्या परवानगीनंतरच सुरू होतो.